मशीन म्हणालं, मी तो नाहीच!

(ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी या भागाचा लिखित मजकूर. बोलताना अडखळलो ती वाक्यं सरळ केलीत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आज गावाकडून बोलतोय. अकोल्याहून. आणि हो, दर वेळी कमेंटमध्ये विचारतात म्हणून आधीच सांगतो, विदर्भातलं अकोला नाही, प्रवरेच्या काठचं अकोले. कळसूबाईवालं. मागे ट्रॅक्टरचा आवाज आला तर समजून घ्या, ऊस चाललाय कारखान्यावर. आमच्या घराच्या ओट्यावर बसून रेकॉर्ड करतोय, आणि आतून आई विचारतेय की हा एकटाच कुणाशी बडबडतोय.

आजचा विषय तुमच्यापैकीच तीन-चार जणांनी सुचवला. विमानतळावर ते काचेचं ऑटोमॅटिक गेट असतं बघा, पासपोर्ट ठेवायचा, कॅमेऱ्यात बघायचं, दार उघडतं. ई-गेट. लहान मुलं सोबत असली की तिथून जायचं का? जाता येतं का? वय किती लागतं? एकाने तर विचारलं, ‘‘दादा, मुलाला कडेवर घेऊन गेलं तर चालतं का?’’ नाही चालत. का नाही चालत, तेही सांगतो.

पण आधी एक गोष्ट सांगतो. माझ्याच घरात घडलेली. आणि त्यात चूक माझीच होती.

कोथिंबिरीच्या वड्या आणि चार पासपोर्ट

२०२४चा मे महिना. माझे दाजी परदेशात नोकरीला आहेत. देशाचं नाव घेत नाही, कारण चूक आमची असताना उगाच त्यांच्या विमानतळाचं नाव खराब व्हायला नको. ठरलं असं की सुट्टीत ताई आणि दोन्ही मुलं महिनाभर तिकडे जातील. ताई पहिल्यांदाच विमानात बसणार होती, म्हणून सोबत मी. थोरली तेव्हा अकरा वर्षांची, धाकटा सात.

घरात मी एकटाच ‘कंप्युटरवाला’. त्यामुळे सगळं ऑनलाइन काम आपोआप माझ्याकडे. तिकिटं मी काढली, विमा मी काढला, व्हिसाचे अर्ज मी भरले. आणि इथेच माती खाल्ली.

व्हिसाच्या अर्जात फोटो चढवायचा होता. पांढरा बॅकग्राउंड, अमुक इतक्या केबीच्या आत. रात्रीचे साडेबारा वाजलेले. मी पुण्याला, मुलं अकोल्यात झोपलेली. धाकट्याचा एक फोटो माझ्या फोनमध्ये होता. बालवाडीच्या प्रवेशासाठी काढलेला. छान पांढरा बॅकग्राउंड, बरोबर साइज. तेव्हा तो साडेतीन-चार वर्षांचा होता. मी म्हटलं, चेहरा तर तोच आहे, पोरगं तर तेच आहे, चढवून टाकू. चढवला. अर्ज स्वीकारला गेला, व्हिसा आला. मी खूश.

मग निघालो. राजूर, शेंडी, घोटी करत कसारा घाट उतरलो. मुलं रात्रभर जागी. आजीने कोथिंबिरीच्या वड्या बांधून दिलेल्या. मुंबईला तेव्हा ही ई-गेटची सोय अजून सुरू झालेली नव्हती, त्यामुळे साध्या काउंटरवरून गेलो. शिक्का बसला, धाकट्याने तो शिक्का विमानात चार वेळा उघडून बघितला.

तिकडे उतरलो. भली मोठी रांग. बाजूला चकचकीत गेटं, आणि तिथला माणूस हातवारे करून सांगतोय की तुम्ही इकडून या. बोर्डावर मुलांच्या वयाची अट लिहिलेली होती, धाकटा त्या अटीत बसत होता. मी म्हटलं चला, आपण टेक्नॉलॉजीवाले लोक. आधी मी गेलो, झालं. मागून थोरली आली, तिचंही झालं. मग धाकट्याची पाळी. ताई त्याच्या मागे उभी. पासपोर्ट ठेवला, पहिलं दार उघडलं, पोरगं आत गेलं, मागचं दार बंद झालं. समोर कॅमेरा. त्याने टाचा उंचावल्या. कॅमेरा खाली सरकला. आणि लाल फुली.

पुन्हा प्रयत्न. पुन्हा लाल फुली.

पुढचं दार उघडत नाही, मागचं उघडत नाही. मध्ये काचेच्या पेटीत सात वर्षांचं पोर. अलीकडे त्याची आई, पलीकडे मी आणि त्याची बहीण. मी परत जायला वळलो तर जमिनीवर रेघ, तिथला माणूस म्हणाला मागे येऊ नका. ताई काचेवर हात ठेवून म्हणतेय, ‘‘घाबरू नको रे, मी आहे.’’ आवाज आत जात होता की नाही कुणास ठाऊक.

सगळा प्रकार फार तर चाळीस सेकंदांचा असेल. मग एक अधिकारी आली, तिने बाजूने दार उघडलं, त्याचा हात धरला, ताईला आणि त्याला काउंटरवर नेलं. तिथे जिवंत माणसाने दोन मिनिटं स्क्रीनकडे बघितलं, दोन मिनिटं पोराकडे बघितलं, हसला आणि सोडून दिलं. अधिकारी ताईला म्हणाली, व्हिसाच्या अर्जातला फोटो फार जुना आहे. ताईने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेचं वर्णन मी करणार नाही.

पोरगं रडलं नाही. गाडीत बसल्यावर बराच वेळ गप्प होतं. मग म्हणालं, ‘‘मामा, मशीन म्हणालं, मी तो नाहीच.’’

मंडळी, मी रोज सॉफ्टवेअर लिहितो. ‘ऑथेंटिकेशन फेल्ड’ हे दोन शब्द मी दिवसातून पन्नास वेळा वाचतो. ते एखाद्या पोराला असे ऐकू येत असतील, हा विचार माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता.

आत नेमकं काय होतं?

आता थोडं इंजिनिअरिंग. घाबरू नका, सोपं आहे.

तुमचा पासपोर्ट उघडा. फोटोच्या पानावर सगळ्यात खाली दोन ओळी असतात. मधेमधे बाणाच्या टोकासारखी चिन्हं. प्रत्येक ओळीत ४४ अक्षरं. पहिल्या ओळीत देश आणि नाव, दुसऱ्या ओळीत पासपोर्ट नंबर, जन्मतारीख, पासपोर्ट कधी संपतो ती तारीख. आणि प्रत्येक महत्त्वाच्या आकड्याच्या मागे एक तपासणी आकडा. अक्षरांना ७, ३, १ अशा क्रमाने गुणायचं, बेरीज करायची, दहाने भागून बाकी काढायची. मशीनने एखादं अक्षर चुकीचं वाचलं तर बाकी जुळत नाही, चूक लगेच कळते. जगभरच्या पासपोर्टांना हाच नियम आहे.

ज्या पासपोर्टात चिप असते, त्यात गंमत आणखी पुढे आहे. चिप कुणालाही आपलं पोट उघडून दाखवत नाही. तिची किल्ली याच दोन ओळींमधल्या माहितीतून तयार होते. पासपोर्ट नंबर, जन्मतारीख, मुदत. म्हणून गेटवर पासपोर्ट उघडून पालथा ठेवावा लागतो. आधी ओळी वाचायच्या, मग चिपशी बोलायचं. आपल्याकडे अशा चिपवाल्या पासपोर्टचा पायलट १ एप्रिल २०२४ला नागपूर आणि भुवनेश्वरला सुरू झाला. कव्हरवर छोटं सोनेरी चिन्ह दिसलं तर तुमचा तो ई-पासपोर्ट.

मग येतो चेहरा. गेट हे शोधत नाही की ‘हा कोण आहे’. ते एवढंच विचारतं की ‘हा समोरचा चेहरा आणि माझ्याकडचा फोटो एकाच माणसाचे आहेत का’. उत्तर हो-नाही असं येत नसतं, गुण येतात. समजा शंभरपैकी किती जुळलं. आणि कुणीतरी एक रेघ ठरवलेली असते, याच्यावर पास, याच्याखाली नापास. रेघ खाली आणली तर दुसऱ्याच्या पासपोर्टवर भलताच माणूस आत घुसतो. वर नेली तर खरा माणूस बाहेर अडकतो.

मोठ्या माणसाचा चेहरा पाच वर्षांत फार बदलत नाही. दाढी वाढते, पोट वाढतं, पण डोळ्यांमधलं अंतर, जबड्याचा आकार तसाच. लहान मुलाचं तसं नसतं. दुधाचे दात पडतात, गाल उतरतात, हाडं वाढतात. मशीनच्या दृष्टीने साडेतीन वर्षांचा तो आणि सात वर्षांचा तो खरंच दोन वेगळे आकार आहेत.

उलटही होतं बरं का. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजीने २०१९मध्ये चेहरा ओळखणाऱ्या कितीतरी प्रोग्रॅमची चाचणी घेतली. त्यात दिसलं की लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांच्या बाबतीत दोन वेगळ्या व्यक्तींना एकच समजण्याची चूकही जास्त होते. म्हणजे पोराला ‘तू तो नाहीस’ असं म्हणण्याचा धोका आहे, आणि दुसऱ्याच पोराला ‘तू तोच’ म्हणण्याचाही.

हे आपल्याला नवीन नाही. आधारचं आठवा. पाच वर्षांखालच्या मुलाचं निळं बाल आधार काढताना ठसे घेतच नाहीत. पाच वर्षं पूर्ण झाली की बायोमेट्रिक द्या, पंधरा झाली की पुन्हा द्या. कारण तेच. पोर वाढतंय, तर नोंदही त्याच्यासोबत वाढली पाहिजे.

आणि कडेवर घेऊन का जाता येत नाही? कारण त्या गेटचा सगळा हिशोबच ‘एक दार, एक पासपोर्ट, एक माणूस’ असा आहे. आत दोन माणसं दिसली की ते थांबतं. नाहीतर एकाच्या पाठीला लागून दुसरा बिनपासपोर्टचा निघून जाईल.

आपल्याकडे नियम काय आहेत?

भारतात या सोयीचं नाव आहे फास्ट ट्रॅक इमिग्रेशन, ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्रॅम. २२ जून २०२४ला दिल्लीच्या टर्मिनल ३वर सुरू झाला. म्हणजे आम्ही परत आलो आणि आठवड्याभरात सुरू झाला, आमचं नशीब! १६ जानेवारी २०२५ला मुंबई, चेन्नई, कोलकाता, बंगळुरू, हैदराबाद, कोची आणि अहमदाबाद हे सात विमानतळ जोडले गेले.

भारतीय नागरिक आणि ओसीआय कार्डवाले अर्ज करू शकतात. वय १२ ते ७०. हे पुन्हा सांगतो, कारण सगळ्यात जास्त प्रश्न यावरच आलेत. बाराच्या आतल्या मुलाला आपल्या ई-गेटवरून जाता येत नाही. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक पाहिजे. अर्ज गृह मंत्रालयाच्या पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. अठराच्या आतलं मूल असेल तर आईवडिलांचा मोबाइल आणि ईमेल द्यायचा. अर्ज मंजूर झाला की एकदा ठसे आणि चेहऱ्याची नोंद द्यायची, ती विमानतळावर किंवा परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात होते. शुल्क शून्य. कुणी एजंट पैसे मागत असेल तर त्याला हा भाग पाठवा.

एकदा नोंद झाली की विमानतळावर बोर्डिंग पास स्कॅन, पासपोर्ट स्कॅन, मग ठसा-चेहरा जुळला की दार उघडतं. तीच तुमची इमिग्रेशनची मंजुरी.

यात मुलांच्या बाबतीत एक बारीक गोष्ट आहे. ही नोंदणी पाच वर्षं चालते, किंवा पासपोर्टची मुदत संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोपर्यंत. आणि लहान मुलाचा पासपोर्ट असतोच पाच वर्षांचा. म्हणजे दहाव्या वर्षी काढलेल्या पासपोर्टवर बाराव्या वर्षी नोंदणी केली, तर ती तीनच वर्षं टिकणार. पासपोर्ट लवकरच बदलायचा असेल तर आधी तो बदला, मग नोंदणी करा.

दुसरा घोळ म्हणजे डिजियात्रा. कितीतरी जण म्हणतात, ‘‘माझ्याकडे डिजियात्रा आहे की!’’ अहो, ते वेगळं. डिजियात्रा १ डिसेंबर २०२२ला सुरू झाली, ती देशातल्या देशात उडताना विमानतळाच्या दारातून आत जायला. पुण्याहून दिल्लीला जाताना उपयोगी. इमिग्रेशनशी तिचा संबंध नाही.

आणि बाहेर?

आपल्याकडची नोंदणी आपल्याच दारापुरती. तिकडे उतरलात की त्यांचं दार, त्यांचा नियम.

सिंगापूरला २०२४पासून सगळ्या परदेशी पाहुण्यांना ऑटोमॅटिक लेन खुल्या आहेत, आधी नोंदणी लागत नाही. वय मात्र सहा पूर्ण हवं. त्याआधी अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं, पोहोचायच्या तीन दिवस आधीपासून भरता येतं. पासपोर्टवर शिक्का बसत नाही, सगळं ईमेलवर येतं. त्यामुळे शिक्के गोळा करणाऱ्या पोरांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिथे भोकाड.

ब्रिटनमध्ये ई-गेटचं वय जुलै २०२३मध्ये बारावरून दहावर आणलं, आणि मुलासोबत मोठं माणूस पाहिजे. पण ते गेट भारतीय पासपोर्टला नाही. तिकडे राहणाऱ्या मराठी घरांत वेगळीच गंमत होते. आईबाबांचा पासपोर्ट भारतीय, तिकडेच जन्मलेल्या मुलाचा ब्रिटिश. पोरगं एकटं ई-गेटला पात्र, आईबाप नाहीत! मग काय, सगळ्यांनी मिळून काउंटर.

युरोपच्या शेंगेन देशांत १२ ऑक्टोबर २०२५पासून टप्प्याटप्प्याने नवी एंट्री-एग्झिट यंत्रणा आली. शिक्क्याऐवजी ठसे आणि फोटो. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत, फोटो मात्र घेतात.

आणि दुबईने तर उलटी वाट काढली. २०२३मध्ये टर्मिनल ३वर चार ते बारा वर्षांच्या मुलांसाठी खास काउंटर काढले. रंगीबेरंगी, मुलांच्या उंचीचे. मुलं आपल्या हाताने पासपोर्टवर शिक्का मारतात. जगातल्या सगळ्यात घाईच्या विमानतळांपैकी एक, आणि तिथे मुलांसाठी मशीन नाही वाढवलं, माणूस बसवला. मला हे फार आवडलं.

यंत्राला नातं कळत नाही

आता गोष्टीचा दुसरा भाग. परतीचा.

ताई आणखी काही दिवस तिकडेच राहणार होती, आणि इकडे १५ जूनला शाळा. म्हणून दोन्ही मुलांना घेऊन मी एकटाच परत यायचं ठरलं. निघायच्या आधी आमचे आबा मागे लागले होते, ‘‘मुलांना घेऊन एकटा येणार आहेस, कागद कर.’’ मी म्हटलं, आबा, कसला कागद? सख्खा मामा आहे मी. पण आबांपुढे चालत नाही. अकोल्यात तहसीलसमोर स्टॅम्प पेपर घेतला, टाइप केला. मुलं मामासोबत प्रवास करतायत, आमची संमती आहे, हे आमचे फोन नंबर. ताईची सही, नोटरीचा शिक्का. दाजींनी तिकडून स्वतःची सही आणि पासपोर्टची प्रत पाठवली. दोन्ही मुलांच्या जन्मदाखल्याच्या प्रतीही सोबत.

परतताना मी ई-गेटच्या रांगेकडे बघितलंच नाही. सरळ काउंटर. तिथल्या अधिकाऱ्याने तीन पासपोर्ट बघितले. मुलांचं आडनाव एक, माझं वेगळं. त्याने विचारलं, आईवडील कुठे? मी कागद पुढे केला. त्याने शांतपणे पूर्ण वाचला, ताईला फोन लावून खात्री केली, आणि मग थोरलीला माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, हे कोण? ती म्हणाली, आईचा भाऊ.

सुरुवातीला मला राग आला होता. खोटं कशाला बोलू, आला होता. मी काय पोरं पळवतोय? पण विमानात बसल्यावर कळलं की तो नेमकं तेच तपासत होता, आणि तपासायलाच पाहिजे होतं. दोन पोरांना घेऊन वेगळ्या आडनावाचा माणूस देशाबाहेर चाललाय. तो मामा आहे की आणखी कोण, हे गेटला कधीच कळलं नसतं. गेटने तीन चेहरे, तीन पासपोर्ट जुळवून तीन वेळा दार उघडलं असतं. यंत्राला चेहरा कळतो, नातं कळत नाही. मुलांना वयाची अट असते त्यामागे कॅमेऱ्याची अडचण आहेच, पण हेही कारण आहे. पोराला कुणीतरी एकदा डोळ्यांत बघून विचारावं, ‘हे कोण आहेत तुझे?’

जिथे आईबाप वेगळे झालेत, जिथे आईने लग्नानंतर आडनाव बदललेलं नाही, तिथे हा प्रश्न जास्त येतो. अपमान वाटून घेऊ नका. कागद जवळ ठेवा.

मग मुंबई. पहाटेचे चार. काउंटरवरचा अधिकारी जांभया देत होता. त्याने धाकट्याचा पासपोर्ट घेतला आणि सहज विचारलं, ‘‘काय नाव बाळा?’’

आणि माझ्या भाच्याने काय केलं असेल? छाती पुढे काढली. शाळेत गुरुजींनी घोकून घेतलंय तसं, पूर्ण नाव, वडलांचं नाव, आडनाव, आणि न थांबता, ‘‘मुक्काम पोस्ट अकोले, तालुका अकोले, जिल्हा अहमदनगर!’’ तेव्हा अजून जिल्ह्याचं नाव बदललं नव्हतं. आजूबाजूच्या रांगा वळून बघायला लागल्या. तो अधिकारी जागा झाला एकदम. पासपोर्टचं शेवटचं पान उघडून पत्ता बघितला आणि म्हणाला, ‘‘बरोबर आहे. तूच आहेस तो.’’

मंडळी, त्याला काचेच्या पेटीची गोष्ट माहीत असण्याचं कारणच नव्हतं. सहज बोलला तो. पण पोराचा चेहरा असा खुलला म्हणून सांगू! महिनाभर जे मनात अडकलं होतं, ते तिथे सुटलं.

तर जाताना काय करायचं?

थोडक्यात सांगतो, कुणाला स्क्रीनशॉट काढायचा असेल तर हाच भाग.

पहिलं, घरातल्या सगळ्यात लहान माणसाला जे लागू, ते सगळ्यांना लागू. एक जरी मूल गेटच्या अटीत बसत नसेल तर सगळे मिळून काउंटरवर. मोठ्यांनी पुढे निघून जायचं नाही. दहा मिनिटं वाचवून काय करणार? सामान यायचंच असतं.

दुसरं, सगळी मुलं पात्र असतील आणि गेटनेच जायचं असेल तर सगळ्यात आधी एक मोठा, मग मुलं, सगळ्यात शेवटी दुसरा मोठा. मोठं माणूस एकच असेल तर आधी मुलांना पाठवा आणि डोळ्यासमोर ठेवा, किंवा सरळ काउंटर. मुलांना आधी सांगा की दार बंद होईल, लाल दिवा लागला तर घाबरायचं नाही, तिथेच उभं राहायचं, कुणीतरी येतं. हे मी सांगितलं नव्हतं.

तिसरं, फोटो ताजा. पासपोर्टला, व्हिसाला, सगळीकडे. मुलाचा फोटो दर वेळी नवीन काढा. केबी जुळतात म्हणून जुना चढवू नका. माझ्यासारखं करू नका.

चौथं, टोपी, गॉगल, तोंडातलं चॉकलेट, सगळं बाजूला. झोपलेलं मूल गेटसमोर उभं करू नका. डोळे मिटलेले असतील तर चेहरा जुळत नाही.

पाचवं, आईवडिलांपैकी एकच सोबत असेल, किंवा मामा, काका, आजी घेऊन जात असतील, तर संमतीपत्र आणि जन्मदाखल्याची प्रत. फोनमध्ये नको, कागदावर. बॅटरी नेमकी तिथेच संपते.

सहावं, त्या-त्या देशाचा नियम निघायच्या आठवड्यात त्यांच्या सरकारी साइटवर बघा. माझा हा भागही वर्षभरात जुना होईल.

शेवटचं. येत्या मे महिन्यात पुन्हा जायचंय. थोरली आता बारा पूर्ण झाली. तिची ई-गेटची नोंदणी मी परवाच भरली, ती फार खूश आहे. धाकटा अजून अटीत बसत नाही. काल जेवताना मी विचारलं, ‘‘मग तू मशीनमधून जाणार आणि आम्ही रांगेत?’’ तिने भावाकडे बघितलं. म्हणाली, ‘‘नोंदणी असू दे. ह्याचं होईपर्यंत मी ह्याच्यासोबतच येते.’’

धाकटा काही बोलला नाही. पण आता जेवण झाल्यावर ओट्यावर त्याची प्रॅक्टिस चालू आहे. मुक्काम पोस्ट अकोले, तालुका अकोले, जिल्हा अहिल्यानगर. पासपोर्टवर अजून अहमदनगर छापलंय, तर अधिकारी काका काय म्हणतील, ही त्याला सध्या सगळ्यात मोठी काळजी आहे.

तुमच्याकडे असा काही अनुभव असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. चला, आईने जेवायला हाक मारलीय, जातो. भेटू. काळजी घ्या, ऐकत राहा!